छोट्या पडद्यावरील माणसांची आत्मकथने : आमच्या मुलांनी ती कशी वाचावीत?

शाळेच्या ग्रंथालयासाठी नव्या पुस्तकांची यादी करण्याची वेळ आली की एक जुना वाद पुन्हा उभा राहतो. नववी-दहावीची मुले दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या माणसांची आत्मचरित्रे मागतात आणि पालकसभेत कोणी तरी उठून विचारतो, ‘गुरुजी, बाबासाहेबांचे खंड कपाटात असताना ही पडद्यावरच्या लोकांची पुस्तके कशाला?’ प्रश्नामागची तळमळ खरी आहे. ज्या समाजाला पुस्तकाला हात लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ताटकळावे लागले, त्याने एकेक पुस्तक पारखून घ्यावे हे योग्यच. तरीही आमचे मत वेगळे आहे. ही पुस्तके घ्यावीत. निवडून घ्यावीत, आणि ती वाचावी कशी हे मुलांना शिकवावे. ती नाकारली म्हणून मुले त्या माणसांना पाहावयाची थांबत नाहीत. फक्त आपल्या नजरेआड, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, तुकड्यातुकड्यांनी पाहतात.

आक्षेपात तथ्य किती आहे ते आधी मान्य करू. या प्रकारातील बरीचशी पुस्तके एकाच साच्यातून निघालेली असतात. गरिबी, धडपड, एखादा दयाळू भेटणे, यश, मग थोडे एकटेपण आणि शेवटी सर्वांचे आभार. प्रसिद्धी टिपेला असताना ती बाजारात येतात आणि अनेकदा व्यावसायिक लेखनिकाच्या मदतीने सिद्ध होतात. सिसिली टायसन या थोर अभिनेत्रीने तिचे आत्मचरित्र मिशेल बर्फर्ड यांच्या सहकार्याने लिहिले आणि त्यांचे नाव पुस्तकावर उघडपणे छापले. असा प्रामाणिकपणा सर्वत्र नसतो. आपल्याकडील गाण्याच्या आणि नाचाच्या स्पर्धांतही हाच साचा दिसतो. स्पर्धक गाण्यापूर्वी त्याची झोपडी, आईची शिवणयंत्रावरची बोटे, बापाचा रिक्षा यांची चित्रफीत दाखवायची, परीक्षकांनी डोळे पुसायचे आणि मग टाळ्या. तेथे दारिद्र्य ही यशाची प्रस्तावना असते. ते कोणी निर्माण केले, कोणत्या व्यवस्थेने टिकवले, हा प्रश्न त्या चित्रफितीत येत नाही.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अशा साधनांचे भय वाटण्याचे कारण नाही. ताम्रपट घ्या. त्याचा पहिला भाग राजाच्या स्तुतीने भरलेला असतो, म्हणून आपण तो टाकून देतो काय? स्तुती बाजूला ठेवून आपण गावांची नावे वाचतो, करांची नावे वाचतो, दान कोणास मिळाले आणि जमीन कसणारे कोण होते हे शोधतो. प्रसिद्ध माणसाचे आत्मचरित्रही असेच वाचता येते. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि काय गाळले, हे चार प्रश्न आठवीतल्या मुलालाही विचारता येतात.

या दृष्टीने एका पुस्तकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ट्रेव्हर नोआ हा दक्षिण आफ्रिकेचा विनोदकार. २०१५ मध्ये तो अमेरिकेतील ‘द डेली शो’ या गाजलेल्या कार्यक्रमाचा सूत्रधार झाला आणि २०२२ पर्यंत त्या आसनावर राहिला. २०१६ मध्ये त्याचे ‘बॉर्न अ क्राइम’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ, जन्म हाच गुन्हा. आमच्या वाचकांना या शब्दांचे स्पष्टीकरण लागणार नाही. विशेष असे की ज्या कार्यक्रमामुळे जगाने त्याला ओळखले, त्याची हकीकत या पुस्तकात जवळजवळ नाही. न्यूयॉर्कचे दिवे पाहावेत म्हणून जो पुस्तक उघडतो, त्याच्या हाती जोहान्सबर्गची गल्ली येते.

नोआचा जन्म २० फेब्रुवारी १९८४ चा. आई पॅट्रिशिया ही कृष्णवर्णीय खोसा स्त्री, वडील गोरे, मूळचे स्वित्झर्लंडचे. १९२७ च्या ‘इम्मोरॅलिटी ॲक्ट’ने गोरे आणि काळे यांच्यातील शरीरसंबंध गुन्हा ठरवला होता, पुरुषास पाच आणि स्त्रीस चार वर्षांपर्यंत कारावास. १९४९ च्या कायद्याने मिश्रविवाहही बंद झाले. हे निर्बंध रद्द झाले १९८५ मध्ये, म्हणजे मूल वर्षाचे झाल्यावर. तोपर्यंत ते मूल हाच त्या गुन्ह्याचा चालताबोलता पुरावा. बागेत फिरताना आई मोलकरीण असल्यासारखी चालत असे. मुलाने वडिलांना हाक मारली तर वडील लोकांदेखत दूर पळत. सोवेटोमध्ये आजी त्याला घराबाहेर सोडत नसे, कारण पोलिसांनी पाहिले तर ते मूल उचलून अनाथालयात नेतील. हे सारे त्याने हसत हसत सांगितले आहे. वाचता वाचता आपणही हसतो आणि मग आपण कशाला हसलो हे ध्यानात येते.

जातीचा अनुभव असलेल्या वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. वर्णभेद आणि अस्पृश्यता एकच, असे चटकन म्हणून मोकळे होऊ नये. तेथे राज्याने १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला वर्णाचा शिक्का दिला. येथे शिक्का मारण्यासाठी सरकारी कचेरी लागली नाही. गावाची वेस आणि पाणवठा पुरेसा होता. तेथील कायदा एका सहीने रद्द करता आला. आमच्याकडे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, पण वेस अजून पुसली गेली नाही. फरक समजून घेऊन तुलना केली तरच मुलांच्या विचाराला धार येते.

शिक्षणाविषयीची पाने मात्र आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत अशीच आहेत. १९५३ च्या ‘बांटू एज्युकेशन ॲक्ट’ने काळ्या मुलांचे शिक्षण सरकारने ताब्यात घेतले आणि मिशनरी शाळांचे कंबरडे मोडले. हेतू स्पष्ट होता : काळ्या मुलाने मजुरीपुरते शिकावे. बांटू मुलाला गणित शिकवून उपयोग काय, असा सवाल तेव्हाचे मंत्री फेरवूर्ट यांनी उघडपणे केला होता. नोआच्या आईला सुदैवाने मिशनच्या शाळेत इंग्रजी मिळाले. त्या इंग्रजीच्या आणि टंकलेखनाच्या बळावर ती लेखनिकाची नोकरी मिळवते आणि मुलाची पहिली भाषा इंग्रजी राहील याची दक्षता घेते. पण खोसा, झुलू आदी भाषांपासून त्याला तोडत नाही. भाषा ही पुढे त्याची ढाल होते. रस्त्यात त्याला लुटण्याचा बेत करणाऱ्या मुलांशी तो त्यांच्याच भाषेत बोलतो आणि बेत फिसकटतो. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी जे मांडले, ते ज्यांनी वाचले आहे, त्यांना या आईची धडपड परकी वाटणार नाही.

एक प्रसंग इतिहासाच्या शिक्षकाला फारच उपयोगी आहे. नोआच्या नाचणाऱ्या चमूतील उत्तम नर्तकाचे नाव हिटलर. चमू एका ज्यू शाळेत कार्यक्रम करते आणि व्यासपीठावरून त्याच्या नावाचा जयघोष सुरू होतो. सभागृह थिजते. शिक्षिका संतापतात. नोआला वाटते, आमच्या काळ्या नाचाचा यांना तिटकारा आला. आणि तोही संतापतो. काळ्या मुलांना गोऱ्यांना उच्चारता येईल असे एखादे नाव द्यावेच लागे. आईबापांनी ते बायबलातून किंवा वर्तमानपत्रातून उचललेले असे, आणि हिटलर म्हणजे कोण हे त्यांना शाळेने कधी शिकवलेलेच नव्हते. एका सभागृहात दोन पीडित समाज समोरासमोर उभे आहेत आणि एकाची जखम दुसऱ्याला ठाऊक नाही. आमच्या मते येथे विनोद लेखकाला जरा जास्तच सांभाळून घेतो. त्या शिक्षिकेला त्याने आणखी एक पान द्यावयास हवे होते. पण इतिहास न शिकवण्याची किंमत काय असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास दुसरे आठवत नाही.

पुस्तकाची दुसरी उणीवही सांगितली पाहिजे. संघटित लढ्याचा इतिहास त्यात ओझरताच येतो. त्यासाठी शिक्षकाने बाहेरून भर घालावी. ज्या देशाचा हा मुलगा जगाच्या दूरचित्रवाणीवर गाजला, त्या देशाच्या सरकारने दूरचित्रवाणी कित्येक वर्षे येऊच दिली नव्हती. अल्बर्ट हेर्ट्झोग नावाचे मंत्री तिला सैतानाची पेटी म्हणत. गोरे-काळे एकत्र दिसले तर लोकांच्या डोक्यात भलते विचार येतील, ही धास्ती त्यामागे होती. नियमित प्रक्षेपण सुरू झाले जानेवारी १९७६ मध्ये. आमच्या मुंबई केंद्राच्याही नंतर, जे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आणि त्याच १९७६ च्या १६ जूनला सोवेटोची शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली व पोलिसांच्या गोळ्यांना सामोरी गेली. ती मुले आमच्या आठवी-दहावीच्या मुलांच्याच वयाची होती. नोआला मिळालेले रंगमंच आणि कॅमेरे त्या मुलांच्या रक्ताशिवाय मिळाले नसते, हे वाक्य पुस्तकात नसले तरी वर्गात उच्चारले गेले पाहिजे.

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. मुले ही पुस्तके वाचून ‘मीही एकटा वर चढेन’ एवढेच शिकणार असतील, तर पालकांचा आक्षेप बरोबर ठरेल. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी आम्ही ऐकतो : बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले, अठरा तास अभ्यास केला, स्वबळावर मोठे झाले. दिवा खरा, अठरा तासही खरे. पण १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले होते. पुढे शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळण्यास केळुसकरांचा हातभार लागला. घरी रमाईंनी सोसलेले दिवस तर वेगळेच. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, बाबासाहेब केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण आवर्जून नोंदवतात. एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस एका शाळामास्तराचे ऋण नावानिशी लिहून ठेवतो. आणि आमची मुले ते ऋण भाषणातून गाळून टाकतात, कारण पडद्यावरच्या गोष्टीत एकच नायक असतो.

चांगले आत्मकथन ओळखण्याची आमची कसोटी यातूनच येते : लेखकाने शिडी दाखवली आहे की नुसते शिखर? नोआ सांगतो की शाळेतील एका गोऱ्या मित्राने आपले सीडी तयार करण्याचे यंत्र त्याला दिले आणि त्यावर त्याचा पहिला धंदा उभा राहिला. मासे पकडायला शिकवा असे सगळे सांगतात, पण गळ कोण देणार, असा त्याचा रोख आहे. (तो धंदा चोरट्या सीडी विकण्याचा होता, हेही तो लपवत नाही, मुलांशी त्यावर बोलावेच लागते.) व्हायोला डेव्हिस यांचे ‘फाइंडिंग मी’ हे २०२२ चे पुस्तकही याच कसोटीला उतरते. त्यांचा जन्म १९६५ चा, साउथ कॅरोलिनातील एका जुन्या मळ्यावरील आजीच्या खोपटातला. ऱ्होड आयलंडमधील सेंट्रल फॉल्स गावात बालपण गेले. घरात उंदीर, थंडीत ऊब नाही, अंगाला वास येतो म्हणून शाळेत अवहेलना. २०१५ मध्ये नाट्यमालिकेतील प्रमुख भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली. पण ती आपोआप तेथे गेली नाही. १९६५ मध्ये अमेरिकन सरकारने गरीब मुलांना महाविद्यालयापर्यंत पोचवण्यासाठी ‘अपवर्ड बाउंड’ नावाची योजना सुरू केली होती. तिचे नाव या पुस्तकात कृतज्ञतेने येते. बहिणी येतात. आणि दूरचित्रवाणीही येते : लहानपणी पडद्यावर सिसिली टायसन दिसली आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या स्त्रीला हे करता येते, हे त्या मुलीला प्रथम कळले. पुढे त्याच टायसन यांनी डेव्हिस यांच्या मालिकेत त्यांच्या आईची भूमिका केली.

मग प्रश्न येतो, आमच्या मुलांना आमच्या पडद्यावर त्यांच्यासारखे कोण दिसते? ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात वृत्तमाध्यमांतील संपादकपदासारख्या १२१ नेतृत्वपदांची पाहणी होती. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. छोट्या पडद्यावरील आमच्या माणसाचे आत्मचरित्र ग्रंथालयात का नाही, याचे उत्तर या आकड्यांत शोधता येते.

मात्र उलट दिशेचा प्रवास मराठीत झाला आहे आणि तो आजच्या पिढीला फारसा माहीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षिका शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पुढे त्यावर दूरदर्शनने ‘नाजुका’ ही मालिका केली. म्हणजे तिकडे पडद्यावरचा माणूस पुस्तकात आला. इकडे पुस्तकातली शिक्षिका पडद्यावर गेली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ चे, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ चे. यांतील एकालाही प्रसिद्धीचे वलय आधी नव्हते. लिहिले म्हणून ती माणसे माहीत झाली. बेबीताईंच्या पुस्तकाचे नावच ‘आमुचं’ म्हणते, ‘माझं’ म्हणत नाही. त्याही मागे जायचे तर थेरीगाथेत पाणी वाहणाऱ्या दासी पुण्णेचे बोल आहेत; स्वतःची कहाणी सांगण्याचा हक्क बुद्धाच्या संघात तिला मिळाला होता. आमच्या मुलांनी नोआ वाचावा तो या रांगेत बसवून. एका कपाटात, शेजारी शेजारी.

असे शेजारी ठेवल्याने एक अवघड विषयही उघड होतो. नोआच्या सावत्र वडिलांनी त्याच्या आईला वर्षानुवर्षे मारहाण केली. ती पोलिसांकडे गेली की पोलीस नवऱ्याची समजूत घालून तिलाच परत पाठवत. २००९ मध्ये त्याने तिच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी डोक्यातून गेली आणि तरीही ती वाचली. त्याला तुरुंगात जावे लागले नाही. वर्णभेदाचे राज्य तेव्हा संपून पंधरा वर्षे झाली होती. येथे दोष गोऱ्यांवर टाकून सुटका होत नाही. बेबीताईंनीही वस्तीतल्या घरांत सुनांचे काय होत होते ते लिहिले, आणि ते लिखाण वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. त्यांनीच पुढे निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्या समाजाचे दोष चव्हाट्यावर कशाला, असे म्हणणारे तेव्हा होते आणि आजही पालकसभेत आहेत. आमच्या वसतिगृहात ज्या मुली सुट्टी लागली तरी घरी जायला रेंगाळतात, त्यांच्या हाती ही दोन्ही पुस्तके पडावीत असे आम्हास वाटते. त्यांना उपदेश नको असतो. हे आणखी कोणाच्या तरी घरात घडले आणि तिने ते लिहिले, एवढे कळणे पुरते.

म्हणून यंदाच्या यादीत आम्ही नोआच्या पुस्तकाची २०१९ मध्ये निघालेली कुमार वाचकांसाठीची आवृत्ती सुचवली आहे. डेव्हिस यांचे पुस्तक अकरावी-बारावीसाठी आणि शिक्षकांसाठी राहील. त्यातील काही पाने लहानांना झेपणारी नाहीत. केवळ सुविचार आणि छायाचित्रे यांनी भरलेली तारकांची पुस्तके आम्ही यादीत घेतली नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती. आपल्यापैकी कोणी अधिकारी झाले, कोणी डॉक्टर, कोणी स्थानिक वृत्तवाहिनीवरही दिसतात. स्नेहमेळाव्यात आपण भाषणे करता, मुले टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा वहीभर लिहून द्यावे. शाळेत कोणाच्या सायकलवर बसून आलात, पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवर कोण होते, भोजनगृहात जास्तीची भाकरी कोणी वाढली, परीक्षा शुल्क कोणत्या गुरुजींनी भरले, समाजकल्याणची शिष्यवृत्ती किती महिने उशिरा आली आणि तोवर कसे भागवले. नावानिशी लिहावे. ग्रंथालयात आत्मकथनांच्या कपाटाचा खालचा कप्पा यासाठी रिकामा ठेवला आहे. सध्या त्यात दोन वह्या आहेत. एक निवृत्त शिपाई मामांची आणि दुसरी स्वयंपाकघरातील मावशींनी सांगितलेली, नववीच्या मुलींनी उतरवून घेतलेली.